मोठ्या क्लबला ‘नाही’ म्हटलं तर?

खेळणाऱ्या मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलणं हे माझं काम. ऑगस्ट लागला की मला एकाच प्रकारचे फोन येऊ लागतात. आमच्याकडे न्यू जर्सीत पुढच्या वर्षीच्या बेसबॉल टीमसाठी ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या, साधारण तेव्हाच होतात. शाळेच्या संघाशी यांचा संबंध नसतो. या पैसे भरून खेळायच्या ‘ट्रॅव्हल टीम’, शनिवार-रविवार गावोगावच्या स्पर्धांना जाणाऱ्या. पालकांचा प्रश्न शब्द बदलून तोच असतो: “मोठ्या क्लबनं बोलावलंय. आता नाही म्हटलं तर मुलाचं पुढचं सगळं बंद होईल का हो?”

मागच्या वर्षी एक मराठी कुटुंब हाच प्रश्न घेऊन आलं. त्यांच्या संमतीनं लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

संदीप आणि मृणाल माझ्यासमोर बसले, तेव्हा क्लबनं दिलेल्या 48 तासांपैकी तीस उलटून गेले होते. त्यांचा मुलगा ईशान तेरा वर्षांचा, पिचर, म्हणजे बॅट्समनकडे बॉल टाकणारा. हातात दोन ऑफर होत्या. एक नावाजलेल्या क्लबची: वर्षाचे 4,200 डॉलर, हॉटेलं वेगळी, सरावाला जायला सव्वा तास. दुसरी शेजारच्या गावातल्या बारा मुलांच्या टीमची, 1,900 डॉलरची. तिचा कोच हा टीममधल्याच एका मुलाचा बाप.

संदीपचं मन ठरलेलं होतं. त्याचं बालपण सांगलीतलं. “ताई, मी गल्लीत टेनिस बॉलनं सहासात वर्षं बॉलिंग केली. चांगली करायचो. पण बघायला कुणी नव्हतं. याच्याकडे कुणीतरी बघतंय.” हे सांगताना त्याचा आवाज जरा दाटला. मृणालचं म्हणणं वेगळं होतं. रविवारची मराठी शाळा तर कधीच सुटली, आता घरात सगळे एकत्र जेवायला बसतात तो एकुलता एक वारही जाणार, आणि धाकटी वर्षभर गाडीच्या मागच्या सीटवरच होमवर्क करणार.

पहिला पाऊण तास मी या दोघांशीच बोलत राहिले आणि ईशान बाहेर बसून होता. ही माझी चूक. आता मी मुलाला आधी आत घेते.

तो आला, बसला. मी पाण्याची बाटली पुढे केली. उजव्या हातानं पिचिंग करणारा हा मुलगा. त्यानं बाटली डाव्या हातानं घेतली, दोन गुडघ्यांत धरली आणि झाकण डाव्याच हातानं फिरवलं. फिरेना, तेव्हा उजवा हात क्षणभर पुढे आला आणि परत मांडीवर गेला.

“हात दुखतो का?” असं विचारलं असतं तर “नाही” हेच उत्तर मिळालं असतं. म्हणून विचारलं, “कधीपासून डाव्या हातानं उघडतोस?”

बराच वेळ तो बुटांकडे बघत होता. मग म्हणाला, “जूनपासून.”

“घरी माहीत आहे?”

“सांगितलं असतं तर ट्रायआउटला नेलं नसतं. आणि बाबानं त्यासाठी सुट्टी घेतली होती.”

ही दोन वाक्यं त्यानं आईबाबांसमोर पुन्हा बोलावीत, हे आम्ही ठरवलं. तो बोलला. संदीप काहीच बोलला नाही. नंतर त्यानं मुलाचा कोपर हातात घेतला आणि हलकेच सरळ करून पाहिला. तो पूर्ण सरळ होत नव्हता.

डॉक्टरांची वेळ मिळायला चार दिवस होते. तोवर मी मृणालला एक काम दिलं. सामन्यांची नोंद ठेवायच्या ॲपवर ईशानचा पूर्ण मोसम होता. पण तो गावच्या लीगकडून आणि एका ट्रॅव्हल टीमकडून, असा दोन्हीकडून खेळला होता, म्हणून नोंदीही दोन वेगळ्या ठिकाणी. तिनं एका वहीत तारखेवार दोन्ही एकत्र लिहून आणल्या. मे महिन्यातल्या एका शनिवारी 58 पिच, म्हणजे टाकलेले बॉल. लगेच रविवारी, दुसऱ्या टीमकडून, 44. असे चार शनिवार-रविवार निघाले.

मेजर लीग बेसबॉल (इथली सर्वोच्च व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (राष्ट्रीय बेसबॉल संस्था) यांची ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं 2014 पासून आहेत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलानं दिवसात 95 च्या वर पिच टाकू नयेत आणि 51 ते 65 टाकल्या तर तीन दिवस विश्रांती, 66 च्या वर गेल्या तर चार, असं त्यांत स्पष्ट लिहिलंय. वर्षातले किमान चार महिने पिचिंग बंद ठेवा, एकाच वेळी दोन टीमकडून पिचिंग करू नका, हेही आहे. ईशानच्या दोन्ही कोचनी आपापला हिशेब नीट ठेवला होता, त्यांना दोष देता येणार नाही. बेरीज मात्र कुणीच केली नव्हती. ती वही संदीपनं पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. दिवसभर आकडेवारीत काम करणारा माणूस. त्याला माझ्या बोलण्यापेक्षा ती पानं जास्त कळली.

डॉक्टरांनी सांगितलं, कोपराच्या आतल्या बाजूच्या ग्रोथ प्लेटवर ताण आलाय. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी असलेली ही कूर्चा लिगामेंटपेक्षा कमकुवत असते, त्यामुळे सतत फेकण्याचा भार आधी तिच्यावर पडतो. सहा आठवडे फेकणं पूर्ण बंद, मग हळूहळू सुरुवात. वेळेवर आलात, म्हणाले.

आता मूळ प्रश्न. दार बंद होतं का?

संदीपच्या बोलण्यात कुमार रॉकरचं नाव सारखं यायचं. आईकडून भारतीय वंशाचा पिचर, 2022 मध्ये मेजर लीगच्या टेक्सस रेंजर्स संघानं नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्या फेरीत तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला. आपल्या मुलांना त्याच्याकडे बघून उभारी येते, ती यावीच. पण त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्क मेट्सनं त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं होतं आणि वैद्यकीय तपासणीनंतर करारच केला नाही. पुढे 2023 मध्ये त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि 2024 मध्ये तो मेजर लीगच्या मैदानावर उतरला. हे मी संदीपला सांगितलं, कारण ज्या गोष्टीकडे तो आशेनं बघत होता तिच्यातसुद्धा हात हीच मुख्य गोष्ट होती.

दुसरं, तेराव्या वर्षी कुठल्याही कॉलेजची वही उघडलेली नसते. कॉलेजमधल्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या सध्याच्या नियमानुसार पहिल्या, म्हणजे सर्वोच्च विभागातल्या कॉलेजचा कोच भरतीबद्दल मुलाशी बोलू शकतो तो अकरावीआधीच्या 1 ऑगस्टपासून. ईशान आठवीत चालला होता. आणि हे वय फसवं. लहान मुलांच्या लिटल लीगच्या छोट्या मैदानात पिचर 46 फुटांवरून टाकतो, दोन बेसमधलं (धावून गाठायच्या ठिकाणांमधलं) अंतर 60 फूट. हायस्कूलच्या मैदानात तेच 60 फूट 6 इंच आणि 90 फूट होतं. या मधल्या दोनतीन वर्षांत एका मुलाला मिसरूड फुटलेली असते, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो, आणि दोघं एकाच ट्रायआउटला रांगेत उभे असतात. आज मागे दिसणारं पोर सोळाव्या वर्षी कुठे असेल हे ट्रायआउट घेणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून या वयात मी पालकांना टीमचं नाव बाजूला ठेवून एवढंच बघायला सांगते, की पोराला खेळायला किती मिळेल. बाकावर बसून बॅटिंग सुधारत नाही.

मग आम्ही दोन्ही टीमना काय विचारायचं ते काढलं. रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, मुलं किती? मैदानात नऊच उतरतात. क्लबच्या टीममध्ये एकोणीस होती, त्यातली सहा फक्त पिचिंगसाठी. ईशान त्यातला सातवा झाला असता. शाळेकडून किंवा दुसरीकडे टाकलेल्या पिच तुम्ही मोजता का? कोणते महिने फेकणं बंद असतं? आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो प्रश्न: मागच्या वर्षीच्या मुलांपैकी किती जण परत आले? ट्रॉफ्या सगळेच दाखवतात. पण एक वर्ष पैसे आणि रविवार घालवलेली घरं परत येतात का, यावरून आतली हवा कळते.

क्लबच्या माणसानं नीट, सौजन्यानं उत्तरं दिली. हात बरा होईपर्यंत जागा धरून ठेवता येणार नाही, मुदत वाढवून सोमवारपर्यंत देतो, तोवर 750 डॉलर डिपॉझिट भरलं तर ठेवू, ते परत मिळणार नाही. त्याच्या बाजूनं ते चूक नव्हतं, त्यालाही टीम भरायची होती. आणि हा क्लब वाईट आहे असं मी कुणालाच सांगणार नाही. माझ्याकडे येणारा दुसरा एक मुलगा तिथेच तीन वर्षं आनंदात आहे. तो कॅचर (बॅट्समनच्या मागे बसून बॉल झेलणारा) आहे, त्याच्या टीममध्ये कॅचर दोनच आहेत, आणि क्लब त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे.

लहान टीमच्या कोचवर मृणालचा विश्वास बसत नव्हता. स्वतःचा मुलगा शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या मोक्याच्या जागी, खेळवणारा बाप बाकीच्यांना काय न्याय देणार? शंका रास्त होती, असे कोच मीही पाहिलेत. पण ईशान या टीमविरुद्ध खेळला होता. तो म्हणाला, “त्याचा मुलगा दोनदा एरर करून बसला, तर त्यानं त्याला बाहेर काढलं. ओरडला नाही. पुढच्या इनिंगला परत घेतलं.” मला कुठल्याही वेबसाइटपेक्षा हे पुरेसं वाटलं. मृणालला वाटलं नाही. तिनं त्या टीमचे दोन सराव बाहेर खुर्ची टाकून पाहिले, तेव्हा ती तयार झाली.

संदीपला सोपं गेलं नाही. सोमवारी संध्याकाळी मुदत संपली तेव्हा तो गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ बॅगा आवरत बसला होता, असं मृणालनं सांगितलं. आम्ही त्याच्याबरोबर आणखी तीनदा बसलो, आणि त्या भेटींत टीमचा विषय फारसा निघाला नाही. सांगलीचा निघाला. सामन्यानंतर घरी येताना गाडीत काय बोलायचं, हा निघाला. तोवर गाडी सुरू होताच संदीप पहिल्या इनिंगपासून सुरुवात करायचा, आणि ईशान हेडफोन घालायचा. आता त्यांचं ठरलंय की ईशान स्वतः काढेपर्यंत सामन्याचा विषय काढायचा नाही. पहिल्या महिन्यात त्यानं एकदाही काढला नाही. संदीपला ते फार जड गेलं, पण त्यानं शब्द पाळला. ऑक्टोबरमध्ये एकदा घराजवळच्या सिग्नलला गाडी थांबली असताना ईशान म्हणाला, “बाबा, तुझ्या टेनिस बॉलला सीम नव्हती, मग तो वळायचा कसा?”

कोपर आता सरळ होतो. डॉक्टरांच्या परवानगीनं आधी बॅटिंग सुरू झाली, मग मोजून फेकणं. मोसमात तो तिसऱ्या बेसवर जास्त आणि पिचरच्या माऊंडवर कमी दिसला. मोठ्या क्लबमध्ये तो कसा खेळला असता, ते कुणालाच सांगता येणार नाही.

या ऑगस्टमध्ये पुन्हा ट्रायआउट आहेत, मोठ्या क्लबचेही. ईशाननं जायचं ठरवलंय. या वेळी कोचना ईमेल त्यानं स्वतः लिहिली आणि पाठवण्यापूर्वी मला दाखवली. चारच ओळी होत्या. नाव, वय, मागच्या वर्षी हाताला काय झालं होतं ते, आणि शेवटी: “तुमच्याकडे पिचरला दुसऱ्या जागेवरही खेळू देतात का? मला तिसरा बेस आवडतो.”