पाण्याने अंत्यसंस्कार केले तर अस्थी मिळतात का?

हो, मिळतात. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू २०२१च्या डिसेंबरात गेले. त्यांचे अंत्यसंस्कार असेच झाले आणि रक्षा केपटाऊनच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये ठेवण्यात आली.

बंद पोलादी टाकीत पाणी आणि साधारण ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. ते दीडशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. काही तासांत शरीराचा मऊ भाग विरघळतो, हाडे उरतात. ती वाळवून दळली की पांढरी पूड होते. ज्वाला नसल्यामुळे दातांत भरलेला पारा धुरातून हवेत जात नाही, ऊर्जाही बरीच कमी लागते. मला हा मार्ग मनापासून पटतो. उरलेले निर्जंतुक पाणी सहसा सांडपाण्यात सोडतात, हे मात्र घरच्यांना आधीच नीट सांगा. नंतर कळले तर फार लागते.