देव राहू दे, अण्णांना चहाला बोलाव

पत्र थोडक्यात असं: आईला जाऊन आठ महिने झाले. बाबा ७१ वर्षांचे, साताऱ्यात एकटेच. तीस वर्षं पेठेतल्या भजनाला जायचे, आता टाळ खुंटीला. ‘देव असता तर तिचे असे हाल केले नसते,’ म्हणतात. शेजारी बसणारे टाळकरी अण्णा दोनदा दारात आले, तर बाबांनी आतूनच ‘झोपलोय’ सांगितलं. धार्मिक माणसं जास्त समाधानी असतात, हे संशोधन वाचून मी मोबाइलवर हरिपाठ लावून दिला. ऐकत नाहीत. श्रद्धा परत कशी आणू? — एक लेक, पुणे

वयाने लहान आहेस, म्हणून अगं-तुगं करते.

अगं, संशोधन तू अर्धंच वाचलंस. चेयून लिम आणि रॉबर्ट पटनम यांचा अमेरिकेतला अभ्यास २०१० साली छापून आला. दर आठवड्याला प्रार्थनेला जाणारे आणि तिथे तीन ते पाच जिवलग असलेले, यांच्यातले ३३ टक्के लोक म्हणाले, आम्ही अत्यंत समाधानी आहोत. तितक्याच नेमाने जाणारे, पण तिथे जिवाभावाचं कुणी नसलेले? १९ टक्के. आणि कधीच न जाणारेही १९ टक्केच! तिकडचं चर्च आणि आपली पेठ एक नव्हे, मान्य. पण बाबा तीस वर्षं जात होते ते नुसत्या विठोबासाठी, असं तुला वाटतं? मोबाइल हरिपाठ म्हणतो, पण ‘काल का आला नाहीत हो?’ असं विचारत नाही.

त्यांच्या रागाशी वाद घालू नकोस. जनाबाईंनी विठोबाला ‘कारट्या’ म्हटलंय, आणि तोच अभंग आपण टाळ वाजवून म्हणतो.

तुझ्या पत्रात मला सापडले ते अण्णा. तू एका ओळीत उरकलेस त्यांना! दोनदा परत गेलेला माणूस तिसऱ्यांदा आपणहून येत नाही, अवघडतो. पुढच्या खेपेला आधी त्यांच्या घरी जा. ‘भजनाचा विषय नको, नुसते चहाला या,’ म्हण. तू घरात असताना ‘झोपलोय’ चालणार नाही. गप्पा पाण्याच्या, पावसाच्या, गुडघ्यांच्या होऊ देत.

जेवण-झोप उडाली असेल, ‘आता जगून काय करायचं’ असं बोलत असतील, तर मात्र थांबू नकोस, डॉक्टरांना दाखव. टेलि-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलता येतं.

आणि हो, खुंटीवरच्या टाळांची दोरी बघ. विरली असेल तर नवी ओवून ठेव. त्यांना सांगू नकोस.