चटणीचं बोट

प्रिय,

पिल्लाचा फोटो पाहिला. एक कान उभा, एक पडलेला, झकास. पण त्याच्या पुढ्यातली ताटलीही दिसली: चुरलेली कडक भाकरी आणि वर शेंगाचटणी. म्हणून घाईनं लिहायला बसलोय.

शेंगदाण्याची भीती नाही, लसणाची आहे. कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवून, वाळवून तो गुण जात नाही. आणि त्याच दिवशी काही दिसत नाही, तिथंच माणूस फसतो. मीही फसलो. आमच्या मोत्याला रोज कांद्याच्या रश्शात भिजवलेली भाकरी मीच घालायचो. एका सकाळी गडी जिना चढेना. ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी कोऱ्या चहासारखी. वाचला, पण बरेच दिवस धापा टाकायचा.

आता द्राक्षांचा हंगाम. मामांच्या बागेतून पेटी येईल आणि कुणीतरी म्हणेल, दोन मण्यांनी काय होतंय? अरे, किती मणी चालतात याचा भरवशाचा आकडाच नाही. एखादं कुत्रं घडभर पचवतं, दुसऱ्याला आधी उलट्या होतात आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. बेदाणा तर आणखी वाईट, पाणी उडालेलं द्राक्षच ते. 2021 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. तेच आपल्या चिंचेत असतं, तेव्हा चिंचेची आमटीही नको.

चॉकलेटचं तुला ठाऊक असेलच. पण शुगर-फ्री च्युइंगम दप्तरात उघडं ठेवू नकोस. त्यातल्या झायलिटॉलनं, म्हणजे साखरेऐवजी घातलेल्या गोड पदार्थानं, अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते.

खाल्लंच काही, तर शेजारचे मीठपाणी पाजायला सांगतील. पाजू नकोस, मिठाचीच बाधा होते. काय खाल्लं, किती, किती वाजता, पिल्लाचं वजन, एवढं चिठ्ठीवर लिही आणि लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांकडे पळ.

आजींना ‘विष’ हा शब्द वापरू नकोस, त्यांच्या हातच्या चटणीला नाव ठेवल्यासारखं होईल. फोडणी द्यायच्या आधी वाटीभर बिनमिठाचं वरण काढून ठेवा म्हणावं, भाकरी त्यात कुस्करायची.

तुझा,
काका