सामान्य माणसाला बंदूक ठेवायची मोकळीक दिली तर गुन्हे कमी होतील का?

मी चोपडा तालुक्यातला, केळी-कापूस करणारा शेतकरी. अमेरिकेसारखी बंदुकीची मोकळीक आपल्याकडे दिली तर चोर-दरोडेखोर वचकून राहतील का, असं तुम्ही विचारलंय. मला नाही वाटत.

आमच्याकडे गुन्ह्यात सापडतो तो बहुतेक गावठी कट्टा. सातपुड्यात सीमेपलीकडचं, मध्य प्रदेशातलं उमर्टी त्यासाठी बदनाम आहे. तिकडून येणारा कट्टा पकडल्याची बातमी आता कोणी दोनदा वाचतही नाही. 2017 च्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात लोकांकडे सुमारे 7 कोटी 11 लाख बंदुका, त्यातल्या नोंदलेल्या फक्त 97 लाख. ज्याला गुन्हा करायचाय तो कलेक्टर कचेरीत अर्ज घेऊन जात नाही, हे मोकळीकवाल्यांचं म्हणणं खरंच आहे. पण मग सगळ्यांनाच द्या, हे कुठून आलं? अमेरिकेत शंभर माणसांमागे 120 बंदुका आहेत, तरी खुनाचं प्रमाण आपल्यापेक्षा जास्त. शिवाय तिथे बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या. त्यात चोराचा संबंधच येत नाही.

स्वातंत्र्याचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. 1878 चा हत्यार कायदा इंग्रजांनी आपले हात बांधायलाच केला होता. 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. घटनेत तो आला नाही; एकत्र जमण्याचा आला, तोही शस्त्राविना.

आता घरचं सांगतो. आमच्या आप्पांकडे, म्हणजे आजोबांकडे, बारा बोअरची बंदूक होती. पीक राखायचं लायसन्स, रानडुकरांसाठी. एरवी ती गवसणीत घालून मधल्या खोलीत खुंटीला टांगलेली. एका पावसाळ्याआधी चुलत भावाने बांध कोरला म्हणून शिवारात भांडण पेटलं. आप्पा तसेच तरातरा घरी आले, "मनी बंदूक कोठे शे?" म्हणत खुंटीवरची गवसणी ओढली. रिकामी! निवडणुकीची आचारसंहिता लागलेली, बंदूक पंधरा दिवसांपूर्वीच पोलिस ठाण्यात जमा केली होती. आजी दारात आडवी उभी. आप्पा गवसणी हातात धरून खाटेवर बसले आणि पाणी मागितलं.

तो माणूस गुन्हेगार नव्हता हो. माळकरी होता, मुंगी मेली तर हळहळणारा. लायसन्ससाठी पोलिसांनी चौकशी केली तेव्हा गावाने चांगलंच सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

पुढे सरकारी मोजणी झाली, तर दीड हात जमीन आमच्याच बाजूला जास्त निघाली. आप्पांनी निवडणुकीच्या निकालानंतर बंदूक परत आणली, पण गोळ्या आजीच्या धान्याच्या कोठीत गेल्या आणि मागितल्याशिवाय मिळेनात. ते गेल्यावर आम्ही लायसन्स पुढे चालवलं नाही. रानडुकरं अजून येतात. केळीला झटका मशीन लावलंय.