हेलसिंकीत दोन दिवस, सासूबाईंना घेऊन

प्रश्न : आम्ही म्युनिकला राहतो. जुलैत सासूबाई साताऱ्याहून येणार आहेत. त्यांना आणि पाच वर्षांच्या लेकीला घेऊन शनिवार-रविवार हेलसिंकीला जायचं ठरतंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, शिवाय त्या शुद्ध शाकाहारी आहेत. त्यातच बोटीने समुद्रापलीकडचं, एस्टोनियातलं टॅलिनही करून यावं का?

उत्तर : टॅलिन या खेपेला राहू द्या. बोटीला जायला दोन तास, यायला दोन तास, आणि बंदरावर आधी जाऊन थांबायचं ते वेगळंच. दोनातला एक दिवस त्यातच जाईल. समुद्र हेलसिंकीत अगदी दाराशी आहे.

मी अकरा वर्षं शेजारच्या एस्पोत राहते. येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा सुओमेनलिन्ना या बेटांवरच्या किल्ल्यावर नेते, तुम्हीही शनिवार तिथेच घालवा. कौप्पातोरी या धक्क्यावरच्या बाजारातून फेरीबोट पंधरा मिनिटांत नेते. ट्रामचं तिकीटच तिथे चालतं आणि सात वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. विमानतळ मात्र तिकिटाच्या सी विभागात येतो, म्हणून येता-जाता ए, बी, सी या तिन्ही विभागांचं एबीसी तिकीट काढा.

हा किल्ला फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता तेव्हा, 1748 मध्ये, बांधायला घेतला. 1808 मध्ये तो रशियनांच्या हाती गेला. आजही तिथे माणसं राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात. अजिंक्यताऱ्यासारखा चढ नाही, पण वाट गोट्यांची आहे, आणि गुडघ्यांना तेच बाधतं.

माझी आई आली होती तेव्हा मी चुकले. नकाशात राजाचा दरवाजा जवळ दिसला म्हणून तिला बेटाच्या त्या टोकापर्यंत चालवलं. परतताना ती थोड्या थोड्या वेळाने तटाला हात टेकून उभी राहायची. विचारलं की म्हणायची, "काही नाही गं, समुद्र बघतेय." धक्क्यावर आल्यावर तिने घोट्यापाशी हात नेला तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तुमच्या सासूबाईही कदाचित बोलणार नाहीत. त्यांना चर्चपर्यंतच न्या. त्या चर्चच्या घुमटावर दीपगृहाचा दिवा आहे, तो दाखवा आणि तिथेच बाकावर बसा. तोफा आणि तटातले भुयारी रस्ते लेकीला तिचे बाबा दाखवतील. सोबत टॉर्च हवा. जुलै असला तरी वारा बोचतो, स्वेटर न्याच.

रविवारी ओदी. रेल्वे स्टेशनजवळचं हे सार्वजनिक वाचनालय 2018 मध्ये उघडलं. लिफ्टने थेट तिसऱ्या मजल्यावर जा. तिथे मुलांची पुस्तकं आहेत, खेळायला जागा आहे, आणि गच्चीतून समोर संसदेच्या पायऱ्या दिसतात. दुसऱ्या मजल्यावर शिलाई मशिनं ठेवलीत. आम्ही गेलो तेव्हा एका फिनिश मुलीचा दोरा सारखा अडकत होता. आईने न बोलता बॉबिन काढली, नीट गुंडाळली आणि परत बसवली. पुढचा अर्धा तास दोघी एकमेकींच्या भाषेचा शब्दही न कळता शिवत होत्या. आईला हेलसिंकी म्हटलं की अजून तेच आठवतं. खडकात कोरलेलं टेंपेलिआउकिओ चर्च वेळ उरला तर बघा, नाही तर नाही.

जेवणाचं फारसं अडत नाही. कार्यालन पिराक्का म्हणजे राय या धान्याच्या पातळ पारीत दुधात शिजवलेला भात. त्यावर अंडं घातलेलं लोणी लावून देतात, तेवढं नको म्हणून सांगा. आणि जुलैत कौप्पातोरीला मटाराच्या शेंगा येतात, लिटरच्या मापाने. इथली माणसं त्या रस्त्यात सोलून कच्च्याच खातात. सासूबाईंना सावलीत बसवा, पिशवी मांडीवर द्या, लेक सोलत बसेल. लेकीच्या हातात आइस्क्रीम असेल तर मात्र वर लक्ष ठेवा, कुरव पक्षी झडप घालून नेतात.