ऐन उड्डाणात कॅमेरा का अडखळतो

नांदूर मधमेश्वरला रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उठला आणि तुझा कॅमेरा मध्येच रखडला, म्हणून तो बिघडला असं समजू नकोस. त्याचा बफर, म्हणजे फोटो कार्डावर जाईपर्यंत थांबतात ती कॅमेऱ्यातली तात्पुरती मेमरी, भरला होता.

पावसाळ्यात गंगापूर धरणात येवा जास्त आणि विसर्ग कमी झाला की पाणी कसं चढतं, तसंच हे. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) साधारण २५ एमबीची धर. सेकंदाला १० फोटो म्हणजे २५० एमबी! व्ही३० कार्ड लिहिण्याची हमी देतं सेकंदाला फक्त ३० एमबीची. उरलेलं बफरमध्ये साठतं. तो भरला की कार्डावर लिहून बफरमध्ये जागा होईल तसाच पुढचा फोटो निघतो.

कार्डावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा वाचनाचा वेग असतो, त्याला भुलू नकोस. व्ही६० घे, पण आधी तुझ्या कॅमेऱ्याचा स्लॉट यूएचएस-२ (वेगवान कार्डांसाठीचा) आहे का ते बघ, नाहीतर पैसे वाया.

आणि बोट दाबून धरू नकोस रे. पक्षी पंख उघडेपर्यंत थांब, मग चार-पाच फोटोंचा झपाटा, पुन्हा थांब. रॉ सोडून लहान जेपेग फाइल काढण्यापेक्षा मला स्वतःला हाच उपाय पटतो. लाल दिवा लुकलुकत असताना, म्हणजे कार्डावर लिहिणं चालू असताना, कार्ड मात्र कधीच काढायचं नाही.