पाय जड झाले की अटॅकच असतो का?

प्रश्न : माझे यजमान (वय ३९) पीथमपूरला कारखान्यात पॅकिंगला आहेत. दोन वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार) निघालं. त्यासाठी डायमिथाइल फ्युमरेटच्या गोळ्या चालू आहेत. शुगरही आहे, तिच्यासाठी मेटफॉर्मिन. मे महिन्यात शिफ्ट करून घरी आले की डावा डोळा धूसर होतो, पाय ओढत चालतात. तासभर गारव्यात पडले की ठीक होतं. पुन्हा स्टिरॉइड लागेल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला ‘तासभर’ हा शब्द फार मोलाचा आहे. या आजारात नसेवरचं आवरण झिजलेलं असतं. अंग थोडं जरी तापलं, तरी तिथून संदेश नीट जात नाही. गार झालं की जातो. ही नवी इजा नव्हे. या आजाराचा खरा अटॅक, म्हणजे नव्या इजेचा झटका, २४ तासांपेक्षा जास्त टिकतो, तोही ताप किंवा संसर्ग नसताना. त्यामुळे आत्ता तुम्ही सांगता त्यावरून स्टिरॉइडची गरज दिसत नाही.

आम्हाला खरी काळजी पाण्याची वाटते. कंपनीच्या बसमध्ये लघवी आवरत नाही म्हणून या आजाराचे बरेच जण दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग लघवीला संसर्ग होतो, त्यानेही पाय जड होतात, आणि अटॅक समजून मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस शिरेतून दिलं जातं. संसर्ग बळावतो, शुगर भडकते. म्हणून स्टिरॉइडआधी लघवीची तपासणी झालीच पाहिजे. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यावं, फक्त बसच्या आधीचा तास कमी. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते, हे सोनोग्राफीत पाहून मगच ती आवरण्याची गोळी घ्यावी.

शिफ्टमध्ये मानेभोवती ओला सुती पंचा ठेवावा. जमल्यास सकाळची पाळी मागून घ्यावी.

मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी-१२ उतरू शकतं आणि त्यानेही पाय बधिर होतात. ते एकदा तपासा. थकवा असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही. शुगर आहे म्हणून डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा दाखवाच. मन उदास राहत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. या आजारात ते पुष्कळ आढळतं आणि त्यावर उपचार आहेत.

फ्युमरेट रिकाम्या पोटी नको. पोहे खाऊन घेतली तर तोंड लाल होणं, पोटात मुरडा येणं कमी होतं. दर तीन महिन्यांनी रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी मोजा. त्या सतत ५०० च्या खाली राहिल्या तर औषध बदलायचं का, हे डॉक्टर ठरवतील. मनाने गोळी बंद करू नका.

धूसरपणा दुसऱ्या सकाळीही तसाच असेल, किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टकडे न्या.